सुट्टीचे फाटक उघडे राहावे : नगरप्रशासनास खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिकांचे महापौर व आयुक्त,
तसेच सर्व नगरपरिषदा व नगरपंचायतींचे अध्यक्ष व मुख्याधिकारी

विषय : उन्हाळी सुट्टीत मुलांना व त्यांच्या कुटुंबांना विनामूल्य अथवा अल्प खर्चात आनंद घेता यावा, यासाठी सार्वजनिक जागा खुल्या ठेवण्याबाबत.

महोदय,

महाराष्ट्रातील शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपतात आणि नवे शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यास, तर उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भात त्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी, सुरू होते. म्हणजेच दरवर्षी सुमारे दीड महिना राज्यातील शाळकरी मुले दिवसभर घरी असतात. या काळाचे काय करायचे, हा प्रत्येक कुटुंबाचा खासगी प्रश्न मानला जातो. ज्या घरांत पैसा आहे तेथे शुल्क आकारणारी शिबिरे, वॉटर पार्क, मॉलमधील खेळघरे आणि थंड हवेच्या ठिकाणची सहल असे पर्याय निवडले जातात. ज्या घरांत तो नाही तेथे मुलांनी घरातच मन रमवावे अशी अपेक्षा ठेवली जाते, मग ते घर पत्र्याच्या छपराखालील एका खोलीचे असले तरीही. प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन असे की, थोड्या खर्चात मिळणारा उन्हाळ्यातील आनंद कुटुंबाच्या काटकसरीवर फारसा अवलंबून नसून गावाने सर्वांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागांवर अवलंबून असतो, आणि शहरांत अशा जागांपैकी बऱ्याच जागा नगरप्रशासनाच्या ताब्यात असल्यामुळे त्या आनंदाची जबाबदारीही त्याच्याकडे येते.

हे प्रतिपादन समजून घेण्यासाठी 'बिनखर्ची मौज' या कल्पनेची थोडी फोड करणे आवश्यक आहे. मागील पिढ्यांची उन्हाळी सुट्टी पैशांवाचून आनंदात गेली असे नेहमी सांगितले जाते आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु त्या आनंदाला मूल्य नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही. मुले ज्या वडाखाली खेळत तो वड कोणीतरी लावलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राखलेला होता, ज्या माळावर डाव मांडला जाई तो गावठाणाचा अथवा देवस्थानाचा असल्यामुळे तेथून कोणी हुसकावून लावत नसे, ज्या विहिरीत पोहणे शिकले जाई तिच्या मालकाची त्याला मूक संमती असे, आणि पोहणे शिकवणारा काका किंवा दुपारी गोष्ट सांगणारी आजी आपला वेळ त्यासाठी देत असे. सावली, मोकळी जागा, पाणी आणि सवड असलेली वडीलधारी माणसे या चार गोष्टी समाजाने सामाईक ठेवल्या होत्या, म्हणून मुलाच्या खिशातून काही जात नव्हते. अर्थात ही सामाईकता सर्वांसाठी समान नव्हती; ज्या समाजांना गावाच्या पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नसे त्यांच्या मुलांना ती विहीरही बंदच होती. त्यामुळे येथे जुन्या काळाकडे परतण्याची मागणी नाही. त्या काळात काहींना मिळालेली सामाईकता आजच्या नागरी व्यवस्थेने भेदभावाविना सर्वांना द्यावी, इतकीच ही मागणी आहे.

या चार आधारांचे महत्त्व पारंपरिक खेळांकडे पाहिल्यास स्पष्ट होते, कारण या खेळांना साहित्य जवळजवळ लागत नाही, पण जागा मात्र हमखास लागते. लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू पुरतो. एका बाजूने चेंडू मारून रचलेल्या ठिकऱ्या पाडायच्या आणि दुसऱ्या बाजूचा चेंडू अंगावर बसण्यापूर्वी त्या पुन्हा रचायच्या, एवढाच तिचा नियम आहे, परंतु पळण्यासाठी चहूबाजूंना मोकळे रान नसेल तर तो डाव उभाच राहत नाही. आट्यापाट्यांना जमिनीवर चुन्याने किंवा राखेने आखलेल्या नऊ आडव्या पाट्या आणि त्यांना छेदणारी उभी सूरपाटी एवढेच लागते, पण ते आखण्यासाठी लांब, मऊ मातीचे आणि दगड वेचलेले मैदान हवे. खो-खोत आठ गडी ओळीने आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो आणि दोन खांबांखेरीज कोणतेही साधन लागत नाही. सूरपारंब्यांचा तर झाडाशिवाय विचारच करता येत नाही: एक भिडू पायाखालून काठी लांब फेकतो, ज्याच्यावर राज्य असते तो ती आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीचे फांद्यांवर चढतात, आणि मग त्यांच्यापैकी कोणी उतरून काठी गाठण्यापूर्वी त्याला शिवणे हे राज्य घेणाऱ्याचे काम ठरते. विटीदांडू, लंगडी, डबा ऐसपैस, विषामृत, ठिकरी यांचीही स्थिती हीच आहे. डांबरी रस्ता आणि उभ्या वाहनांच्या रांगा यांमध्ये उरलेल्या पट्टीत यांपैकी फारच थोडे खेळ टिकू शकतात, आणि जे टिकतात ते खेळताना मुलांना डावाइतकेच लक्ष येणाऱ्या गाडीकडे द्यावे लागते.

या खेळांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची व्यवस्था मुले स्वतः पाहतात. डाव सुरू होण्यापूर्वी नियम ठरवणे, भिडू वाटून घेणे, कोणी 'रडीचा डाव' खेळू लागल्यास त्याला आवरणे आणि वाद विकोपाला गेल्यास तडजोड काढणे ही सारी कामे पंचाशिवाय होतात. लहान भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेण्याची प्रथा या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. असा भिडू बाद धरला जात नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, परंतु तो डावाच्या बाहेरही राहत नाही आणि पाहता पाहता पुढच्या उन्हाळ्यात पक्का भिडू होतो. वयाने, बळाने आणि कौशल्याने असमान असलेल्यांना एकत्र खेळता यावे यासाठी मुलांनी घडवलेली ही योजना, वयोगटानुसार तुकड्या पाडून ठरावीक तासांचे कार्यक्रम देणाऱ्या सशुल्क शिबिरांत सहसा आढळत नाही. विनामूल्य खेळ हा सशुल्क खेळाचा गरिबांसाठीचा पर्याय आहे, असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते. त्यातून मिळणारे काही शिक्षण पैशाने विकत घेता येत नाही आणि संपन्न घरांतील मुलांनाही त्याची तितकीच गरज आहे.

उन्हाळ्यातील आनंदाचा खर्च समाजाने वाटून घेण्याची परंपरा केवळ मुलांच्या खेळांपुरती नव्हती. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात, आणि त्यांतील कुस्त्यांचा फड किंवा रात्रीचा तमाशा गावाने जमवलेल्या वर्गणीतून उभा राहत असल्यामुळे तो कोणालाही विनातिकीट पाहता येतो. शहरी जीवनात हेच तत्त्व वसंत व्याख्यानमालेने रुजवले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या या व्याख्यानमालेमुळे उन्हाळ्याच्या संध्याकाळी विद्वानांची भाषणे सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे राज्यातील अनेक गावांनी तिचे अनुकरण केले. मुलांसाठी असेच काम साने गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या कथामालेने केले. गोष्ट सांगणारा एक कार्यकर्ता आणि ऐकणारी मुले एवढ्याच भांडवलावर तिचे कार्यक्रम चालत आले. या सर्व उदाहरणांत प्रेक्षकाला किंवा श्रोत्याला खर्च आला नाही, कारण तो इतरांनी विचारपूर्वक आणि आनंदाने उचलला होता.

आजच्या शहरांत हे आधार एकेक करून कसे निसटत आहेत, हे नगरप्रशासनाला सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या आधारे तयार होणाऱ्या विकास आराखड्यांत क्रीडांगणे व उद्याने यांसाठी भूखंड राखून ठेवले जातात. याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही प्रशासनाने पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. निधी नसल्यामुळे किंवा केवळ दिरंगाईमुळे असे एखादे क्रीडांगण कागदावरून पुसले जाते, तेव्हा त्या भागातील पुढच्या अनेक पिढ्यांची सुट्टी कायमची महाग होते. जी जागा आधीच सार्वजनिक मालकीची आहे तीही सुट्टीत बहुधा मिळत नाही. शाळा बंद होताच शाळेच्या मैदानाला आणि त्यालगतच्या ग्रंथालयाला कुलूप लागते, आणि अनेक शहरांतील उद्याने सकाळी काही तास व संध्याकाळी काही तास उघडी असली तरी नेमक्या दुपारी, म्हणजे सावलीची गरज सर्वाधिक असताना, बंद असतात.

मुलांच्या करमणुकीची व्यवस्था ही प्रशासनाने दाखवायची कृपा आहे, असे कोणी मानत असल्यास त्यास कायदेशीर आधार नाही. संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येण्याजोगे १८ विषय नमूद आहेत आणि त्यांत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या सुविधा तसेच सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींचे संवर्धन यांचा स्पष्ट समावेश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) कलम ३१ मध्ये विश्रांती, फुरसत, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा प्रत्येक बालकाचा हक्क मानला असून भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे लागते, आणि गोष्टींच्या पुस्तकांसह वृत्तपत्रे व नियतकालिके पुरवणारे ग्रंथालयही असावे लागते. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या या गोष्टी वर्षातील ज्या दिवसांत मुलांना सर्वाधिक मोकळा वेळ असतो त्याच दिवसांत बंद राहाव्यात, ही विसंगती दूर करण्यासाठी नव्या बांधकामाची नव्हे, तर केवळ निर्णयाची गरज आहे.

या भूमिकेतून प्रशासनापुढे काही विनंत्या ठेवण्यात येत आहेत. पहिली विनंती मैदानांविषयीची आहे. महापालिका व नगरपरिषदा यांच्या सर्व शाळांची मैदाने सुट्टीच्या संपूर्ण काळात सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळेत परिसरातील मुलांसाठी विनाशुल्क व विनानोंदणी खुली असावीत. संध्याकाळच्या सत्रासाठी पुरेसा उजेड, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह एवढ्या तीनच सोयींची त्यासाठी गरज आहे. मैदानाच्या एका कोपऱ्यात आट्यापाट्या, खो-खो व लंगडी यांची मैदाने आखून ठेवल्यास आणि लगोरीच्या ठिकऱ्या, विटीदांडू व काही चेंडू उपलब्ध ठेवल्यास मुलांना पुढची व्यवस्था शिकवावी लागणार नाही. त्याच मैदानांवर क्रिकेट स्पर्धांसाठी भाडेपट्ट्याने आरक्षणे देण्याची प्रथा असल्यास सुट्टीतील निदान हे तास तरी त्यांतून वगळले जावेत.

दुसरी विनंती दुपारच्या सावलीची आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस व किनारपट्टीवर ३७ अंश गाठल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार केला जात नाही, पण चंद्रपूर, अकोला, जळगाव, नागपूर यांसारख्या शहरांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवलाचे राहिलेले नाही. अशा वेळी पत्र्याचे छप्पर सूर्याची उष्णता शोषून ती खाली खोलीत सोडते, त्यामुळे छोट्या घरांत दुपार काढणे कठीण होते. याउलट दाट झाडाखाली पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे, म्हणजे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकले जाण्याच्या क्रियेमुळे, हवा तुलनेने थंड राहते. यास्तव दाट वृक्षराजी असलेली उद्याने दुपारीही खुली ठेवावीत, आणि ज्या प्रभागात असे उद्यान नाही तेथे शाळेतील पंख्यांची सोय असलेल्या दोन-तीन खोल्या दुपारी बारा ते चार या वेळेत बैठ्या खेळांसाठी द्याव्यात. सागरगोटे, काचापाणी, अष्टाचंगा, नाव-गाव-फळ-फूल आणि पत्त्यांतील बदामसात किंवा झब्बू यांत चार तास सहज जातात, आणि पत्त्यांचा एक जोड पूर्ण सुट्टीला पुरतो.

तिसरी विनंती वाचनाविषयीची आहे, कारण दुपारच्या आनंदात पुस्तकाइतका स्वस्त सोबती दुसरा नाही. महाराष्ट्राला सार्वजनिक ग्रंथालयांचा दीर्घ वारसा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे अशा संस्थांना शासकीय मान्यता व अनुदान मिळू लागले. प्रत्येक नगरप्रशासनाने आपल्या हद्दीतील मान्यताप्राप्त ग्रंथालयांशी करार करून सुट्टीपुरते बालसभासदत्व विनामूल्य द्यावे व त्याची अनामत रक्कम स्वतः भरावी, तसेच शालेय ग्रंथालयांतील गोष्टींची पुस्तके कपाटातून काढून वर उल्लेखिलेल्या दुपारच्या खोल्यांत ठेवावीत. बालभारतीने १९७१ पासून चालवलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे शाळेच्या संगणककक्षालाही या उपक्रमात स्थान देता येईल. पुस्तके फाटतील ही भीती ग्रंथपालांना वाटणे स्वाभाविक आहे, पण वाचून फाटलेल्या पुस्तकाने आपले काम केलेले असते, आणि वर्षानुवर्षे कपाटात कसर लागून गेलेले पुस्तक मात्र पूर्णतः वाया गेलेले असते.

चौथी विनंती पाण्याची असून ती सर्वांत सावधपणे करावी लागत आहे. पूर्वी गावांत पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा वाळका भोपळा बांधून मुलांना विहिरीत पोहणे शिकवले जाई, आणि शिकवणारा मोठा माणूस पाण्यातच असे. शहरात ही जागा जलतरण तलावांनी घेतली, परंतु त्यांचे शुल्क व तुकड्यांच्या वेळा यांमुळे ते बहुसंख्य मुलांना दूरचे ठरले आहेत. परिणामी पाण्याची स्वाभाविक ओढ असलेली मुले दगडखाणींतील डोह, कालवे आणि तलाव यांकडे वळतात व दर उन्हाळ्यात त्यांच्या बुडण्याच्या बातम्या वाचाव्या लागतात. पालिकेच्या तलावांत जीवरक्षक व प्रशिक्षक यांच्या देखरेखीखाली पालिका शाळांतील मुलामुलींसाठी सकाळची एक विनाशुल्क तुकडी राखून ठेवणे हे मनोरंजनाइतकेच जीवरक्षणाचेही काम आहे. ज्या शहरांत पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असेल तेथे हा आग्रह धरता येणार नाही, हे उघड आहे. तेथे निदान धोकादायक डोहांना कुंपण घालण्याचे काम एप्रिलपूर्वी पूर्ण झालेले असावे.

पाचवी विनंती ज्या आनंदाला जागेची अडचण येत नाही त्या आकाशदर्शनाविषयीची आहे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथील प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावर येतो. खगोलीय विषुववृत्तापासून सूर्याच्या कोनीय अंतराला क्रांती म्हणतात. ती उत्तरेकडे वाढत वाढत ज्या दिवशी त्या गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी मध्यान्ही उभ्या वस्तूची सावली तिच्याच तळाशी लपते. यास शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तो कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास येतो; मध्यान्हाची ही वेळ मुंबई-पुण्यात साडेबाराच्या आसपास, तर पूर्वेकडील नागपुरात त्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी असते. दुसरा दिवस जुलैत किंवा ऑगस्टच्या आरंभी येत असल्याने तो बहुधा पावसाळी ढगांत हरवतो, म्हणून सुट्टीतील दिवसाचे मोल अधिक आहे. प्रत्येक शाळेच्या अंगणात एक सरळ काठी ओळंब्यात उभी करून मुलांना त्या काही मिनिटांपुरते जमवले, तर पृथ्वीचा कललेला अक्ष त्यांना पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा नीट कळेल. याच दिवसांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी, आकाशात उंचावर स्वाती व चित्रा, आणि दक्षिण क्षितिजाजवळ थोडा वेळ त्रिशंकू ही तारकाचौकट दिसते. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आली आहे; अशा संस्थांच्या मदतीने महिन्यातील एका रात्री एखाद्या मैदानावरील दिवे तासभर बंद ठेवून आकाशदर्शन घडवणे कोणत्याही पालिकेला शक्य आहे.

उर्वरित विनंत्या थोडक्यात मांडता येतील. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, आणि राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना व २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागते. या सवलतींची माहिती व जवळच्या किल्ल्यांचे, लेण्यांचे आणि संग्रहालयांचे बसमार्ग प्रभाग कार्यालयांत व शाळांच्या फलकांवर परीक्षा संपण्यापूर्वीच लावल्यास अनेक कुटुंबांना एक दिवसाची सहल आवाक्यातील वाटेल. हस्तकौशल्यासाठी महागडे संच आणण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे बिया, पाने, शंखशिंपले आणि माती यांतून बालशिक्षणाची साधने घडवली, आणि पुण्यातील आयुका या संस्थेच्या विज्ञान केंद्रात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो वैज्ञानिक खेळणी तयार करून त्यांची कृती सर्वांना विनामूल्य उपलब्ध केली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या करणारी मुले आठवडाभर कंटाळत नाहीत.

या विनंत्यांवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते रास्तही आहेत. पहिला आक्षेप असा की, शाळेचे आवार उघडे ठेवल्यास मालमत्तेची नासधूस होईल आणि मूल जखमी झाल्यास मुख्याध्यापकांना जबाबदार धरले जाईल. ही भीती दूर करण्याचा मार्ग म्हणजे सुट्टीच्या काळातील जबाबदारी मुख्याध्यापकांकडून काढून प्रभाग कार्यालयाकडे लेखी आदेशाने देणे आणि इमारतीच्या इतर भागांना वेगळे कुलूप ठेवून मैदान व ठरावीक खोल्या एवढ्याच खुल्या करणे. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतील महाविद्यालयीन स्वयंसेवकांना वर्षाला १२० तासांचे समाजकार्य करावे लागते, शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना खेळ शिकवण्याचा सराव हवा असतो, आणि प्रत्येक प्रभागात गोष्ट सांगू शकणारे निवृत्त शिक्षक असतात. त्यांना अल्प मानधन दिले तरी ते एका उद्घाटन सोहळ्याच्या मांडवखर्चापेक्षा जास्त होणार नाही. तिसरा आक्षेप असा की, मुलांना आता मोबाइलच हवा असतो आणि मैदान उघडले तरी ती येणार नाहीत. परंतु ज्या मुलाला बाहेर कुठे जाताच येत नाही त्याने पडद्याला पसंती दिली असे म्हणणे न्याय्य नाही. मैदान उपलब्ध करून दिल्याशिवाय त्याच्या आवडीविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

या सर्व व्यवस्थेची कसोटी मात्र तेथे येणाऱ्या मुलांच्या संख्येवर न ठेवता कोणती मुले येतात यावर ठेवावी. मैदान खुले असले तरी मुलींच्या वाट्याला घरकाम आणि धाकट्या भावंडांची राखण येत असेल, तर ते मैदान अर्ध्याच मुलांचे राहील. म्हणून मैदानालगत लहानग्यांसाठी सावलीची जागा आणि संध्याकाळच्या सत्रात एक महिला पर्यवेक्षक असावी, जेणेकरून मुलगी भावंडाला घेऊनही खेळायला येऊ शकेल. व्हीलचेअर नेता येईल अशी एक वाट आणि बसून खेळता येण्याजोगे डाव असल्यास अपंग मुलांनाही या आनंदात भाग घेता येईल. उसाचा हंगाम संपवून आई-वडिलांबरोबर परतलेली किंवा बांधकामांवर राहणारी मुले कोणत्याच शाळेच्या पटावर नसण्याची शक्यता असते, आणि त्यासाठीच वर विनानोंदणी प्रवेशाचा आग्रह धरला आहे. ओळखपत्र मागणारे फाटक ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवते.

अंतिम विनंती वेळापत्रकाविषयीची आहे. महापालिका व नगरपरिषदांची अंदाजपत्रके आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी मांडली जातात आणि सुट्टी त्यानंतर लगेच सुरू होते. त्यामुळे याच अंदाजपत्रकात 'उन्हाळी खुल्या जागा' या नावाने स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवून त्यात दिवे, पाणी, साहित्य व मानधन यांसाठी तरतूद करावी, आणि कोणती मैदाने, उद्याने, खोल्या व तलाव कोणत्या वेळेत खुले राहतील याची प्रभागनिहाय यादी मार्चअखेर प्रत्येक शाळेत प्रसिद्ध करावी. सुट्टी संपल्यावर कोणत्या जागा प्रत्यक्ष खुल्या राहिल्या आणि कोणत्या राहिल्या नाहीत याचा अहवाल जूनच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, म्हणजे पुढील वर्षी त्रुटी दुरुस्त करता येतील. रस्ते, जलवाहिन्या व उड्डाणपूल यांच्या तुलनेत हा खर्च अत्यल्प आहे, आणि त्याचा लाभ मात्र पहिल्याच उन्हाळ्यात प्रत्येक वस्तीतील मुलांना मिळू शकतो. आपल्या शहरातील प्रत्येक मुलाला, त्याच्या घरात पैसा असो वा नसो, दीड महिना मनसोक्त खेळता, वाचता, पोहता आणि आकाश पाहता यावे, यासाठी आपण येत्या अंदाजपत्रकातच हा निर्णय घ्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे.

आपल्या शहराविषयी आस्था असलेला
एक करदाता नागरिक